जुन्या टाटा पिकअपच्या इंजिनाला टर्बो बसवताना

चिपळूणहून आंब्याच्या पेट्या भरून निघालं की शिरगावपर्यंत आमची टाटामोबाईल २०६ खुशीत पळायची. कुंभार्ली घाट लागला की दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाव नाही. मागून काळा धूर, मीटरवर तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकतोय, आणि मागे गाड्यांची रांग. आता तीच गाडी तेवढंच वजन घेऊन बराचसा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढते आणि हेळवाकला पोहोचेपर्यंत काटा मधल्या खुणेच्या वर जात नाही. टर्बो बसवून तीन वर्षं झाली. पहिलं वर्ष मात्र माझं चुका निस्तरण्यात आणि पैसे घालण्यात गेलं. तुमचं तसं जाऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. डिझेल इंजिनात ताकद येते ती डिझेलमधून. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या धुराच्या जोराने फिरणारा पंखा, तो इंजिनाला फक्त जादा हवा देतो. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की साध्या इंजिनात डिझेल पुरेसं असतं, हवा अपुरी पडते. अर्धवट जळलेलं डिझेल म्हणजेच तो काळा धूर. टर्बोने हवा वाढली की तेच डिझेल नीट जळतं, धूर कमी होतो आणि डिझेल मोजून देणाऱ्या पंपाला हात न लावतासुद्धा फरक कळतो. बहुतेक जण मात्र टर्बो बसवल्या दिवशीच पंप वाढवून घेतात, आणि जुनी इंजिनं तिथेच संपतात. टर्बो हवेसाठी बसवा, डिझेल वाढवण्यासाठी नको.

आता इंजिनाबद्दल. टाटामोबाईल १९८८ साली आली. तिचं १९४८ सीसीचं इंजिन ४८३ या नावाने ओळखलं जातं: ४ सिलिंडर, ८३ मिमी बोअर. स्ट्रोक ९० मिमी. सिएरा, इस्टेट आणि सुमो याच घराण्यातल्या, आणि १९९८ च्या सफारीत हेच इंजिन टर्बो आणि इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारी जाळी) घेऊन आलं. साध्या इंजिनाची ताकद ७० अश्वशक्तीच्या आत, टर्बोवाल्याची ९० च्या आसपास. म्हणजे कंपनीनेच हे करून दाखवलंय, आणि काही सामान भंगारात मिळूही शकतं. पण कंपनी टर्बो देते तेव्हा पंप, नोझल, कूलिंग सगळं त्याच्याशी जुळवून देते. आपण एकटा टर्बो उचलून आणणार, म्हणून आपला बूस्ट (टर्बो हवेला देतो तो जादा दाब) कंपनीपेक्षा कमीच ठेवायचा. तुमची गाडी दुसऱ्या कंपनीची असेल तर आकडे बदलतील, क्रम हाच राहील.

१. आधी कागद, मग पाना

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ स्पष्ट आहे: आरसीवरची माहिती निर्मात्याच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी अर्ज करा आणि उत्तरही लेखीच घ्या. "चालतंय, बसवा" हे एजंटचं तोंडी आश्वासन रस्त्यावर कामाला येत नाही. माझ्या परवानगीला सात आठवडे लागले, तोपर्यंत मी फक्त सामान गोळा केलं. परवानगी मिळाली नाही तर ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही.

अर्जासोबत हे जवळ ठेवा:

- आरसी, चालू विमा, पीयूसी आणि मालवाहू नोंदणी असेल तर फिटनेस सर्टिफिकेट
- चेसिस आणि इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट
- गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती
- कोणता टर्बो, कोणत्या गाडीचा, बूस्ट किती ठेवणार, याचा गॅरेजच्या लेटरहेडवर तपशील
- टर्बोचं बिल, त्याच्या प्लेटवरच्या नंबरासकट

शेवटचा कागद भंगारवाल्याकडे हट्टाने मागा. बिल नसलेला सुटा भाग चोरीचा निघाला तर त्रास तुम्हाला होईल. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. नाहीतर घाटात काही झालं तर क्लेम अडकेल.

२. इंजिन टर्बोच्या लायकीचं आहे का?

दमलेल्या इंजिनाला टर्बो लावला तर ते लवकर मरतं. हीटर प्लग काढून त्या भोकातून डिझेलचा कॉम्प्रेशन गेज लावा आणि इंजिन गरम असताना चारही सिलिंडर मोजा. चारही आकडे जवळपास हवेत. एखादा बाकीच्यांपेक्षा ३ बारने खाली असेल तर मी पुढे जात नाही, आधी हेड उघडतो.

गेज नसेल तर सोपी खूण आहे. इंजिन गरम करा, आयडलवर ठेवा आणि तेल ओतायचं झाकण उघडून उलटं करून तिथेच ठेवा. झाकण थरथरलं तर चालेल. उडून पडत असेल, आतून भकाभका धूर येत असेल, तर रिंगा गेल्या आहेत. टर्बोचा दाब त्यात भर घालेल.

याच टप्प्यात रेडिएटर काढून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. थर्मोस्टॅट बदला, पाइप बदला, साध्या पाण्याऐवजी कूलंट भरा. हेडचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने तपासा. माझ्या एकूण खर्चातला निम्म्याच्या वर भाग इथेच गेला, टर्बोवर नाही. आणि क्लच-ब्रेक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. गाडी चढायला लागली म्हणून तिची वजन वाहायची मर्यादा वाढत नाही, आणि चढलेला घाट उतरायचाही असतो.

३. टर्बो निवडताना

टर्बोचा आकार इंजिनाच्या हवेच्या भुकेवर ठरतो. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं. म्हणजे १९४८ सीसीचं इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर हिशेबाने दर मिनिटाला २४०० लिटरच्या आसपास हवा ओढतं. मोठ्या ट्रकचा टर्बो लावला तर तो घाटातल्या कमी फेऱ्यांवर जागाच होत नाही. दोन ते अडीच लिटरच्या डिझेल गाडीवरचा टर्बो घ्या. कंपनीच्याच ४८३ टर्बो इंजिनावरचा टर्बो मॅनिफोल्डसह (सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारा ओतीव पाइप) मिळाला तर दुसरं काही शोधू नका, कारण फ्लँज (बोल्टने जोडायची तोंडं) जुळवण्याचा मोठा ताप वाचतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत कुर्ल्याला जुना टर्बो घेताना हाताने तीन गोष्टी पाहा. शाफ्ट बोटाने वर-खाली हलवा: कोरड्या बेअरिंगमध्ये किंचित हालचाल असतेच, पाती घराला घासली नाहीत म्हणजे झालं. मग शाफ्ट आत-बाहेर ओढा: इथे जाणवेल एवढी हालचालसुद्धा नको. शेवटी थंड, म्हणजे हवा ओढणाऱ्या बाजूच्या पात्यांच्या कडा उन्हात धरून पाहा. कडा खाल्लेल्या दिसल्या तर आधीच्या मालकाने एअर फिल्टरकडे लक्ष दिलेलं नाही. हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो, तिथे "थोडं चालतंय" चालत नाही.

वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) घरीच तपासता येतो. त्याच्या नळीला सायकलचा पंप आणि प्रेशर गेज लावा आणि हळूहळू दाब द्या. दांडी कोणत्या आकड्याला हलते ते लिहून ठेवा. माझी ०.४५ बारला हलायला लागते. विनाटर्बो म्हणून बनलेल्या जुन्या इंजिनाला ०.५ बारच्या वर मी कधीच नेणार नाही. बऱ्याच टर्बो इंजिनांत पिस्टनच्या खालून तेलाची धार मारणारे जेट असतात. तुमच्या ब्लॉकमध्ये ते नसतील तर पिस्टन थंड राहायला आधारच नाही.

बाकीचं सामान:

- बूस्ट गेज आणि एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा पायरो, के-टाइप प्रोबसह
- इंटरकूलर, सिलिकॉन होस, टी-बोल्ट क्लॅम्प
- तेल येण्यासाठी स्टीलचा किंवा स्टीलच्या जाळीचा पाइप, तेल परत जाण्यासाठी जाड, तेल आणि उष्णता सहन करणारा होस
- मॅनिफोल्डचं पॅकिंग, नवे स्टड आणि नट, हीट शील्ड
- डिझेल इंजिनाचं १५डब्ल्यू-४० तेल आणि दोन ऑइल फिल्टर

पायरोवर पैसे वाचवू नका. बूस्ट गेज नसला तर एक वेळ चालेल. पायरोशिवाय पिस्टनची अवस्था ड्रायव्हरला कळायचा मार्गच नाही.

४. मॅनिफोल्ड आणि सायलेन्सर

पायरोच्या प्रोबसाठी टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डवरच भोक पाडून आटे पाडून घ्या. हे मॅनिफोल्ड बाहेर काढलेला असतानाच करायचं. भोकाचा किंवा वेल्डिंगचा एखादा कण आत राहिला तर पहिल्याच दिवशी तो टर्बाइनच्या पात्यांवर आदळेल. मी मॅनिफोल्ड आतून वायर ब्रशने घासून, डिझेलने धुऊन, कॉम्प्रेसरच्या हवेने तीनदा झटकला.

टर्बोपासून खाली येणारा पाइप सव्वादोन ते अडीच इंची ठेवा आणि त्यात लवचीक बेलो घाला. त्याशिवाय इंजिनाच्या प्रत्येक हिसक्याचा ताण टर्बोच्या फ्लँजवर येतो. मग ब्रेकची नळी, डिझेलची नळी आणि वायरिंग टर्बोपासून किती लांब आहे ते टॉर्च घेऊन पाहा. वीतभर अंतरही कमी समजा. मध्ये पत्र्याची हीट शील्ड लावा. गाडीला आग लागते ती बहुतेक इथूनच.

५. तेलाची लाइन: इथे घाई करू नका

तेल येण्यासाठी ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावायचा, एका तोंडाला स्विच, दुसऱ्याला टर्बोचा पाइप. एवढं कोणीही करतं. चूक होते ती तेल परत नेताना.

टर्बो बसवून दहा दिवस झाले आणि सकाळी आयडलवर निळा धूर, म्हणजे तेल जळल्याची खूण, यायला लागला. फिटर म्हणाला, टर्बोचं सील गेलं. टर्बो उतरवला, नवी कोअर (शाफ्ट-बेअरिंगचा मधला भाग) टाकली, नऊ हजार गेले. चार दिवसांनी पुन्हा निळा धूर. शेवटी एका वयस्कर पंपवाल्याने गाडीखाली वाकून परतीच्या होसवर बोट ठेवलं. होस टर्बोपासून खाली येत होता, इंजिन माउंटिंगच्या ब्रॅकेटवर आडवा होत होता आणि चेंबरच्या (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) निपलपाशी, म्हणजे होस जोडायच्या तोंडापाशी, दोन बोटं वर चढत होता. वर ते निपलही तेलाच्या पातळीच्या खाली होतं. टर्बोत काहीच बिघाड नव्हता. पहिल्यातही नव्हता.

कारण असं आहे: टर्बोत तेल दाबाने जातं, पण बाहेर पडताना त्याला दाब नसतो. फेसाळलेलं तेल फक्त स्वतःच्या वजनाने खाली पडतं. टर्बोच्या शाफ्टवरचं सील रबरी नसतं. पिस्टन रिंगेसारखी बारीक धातूची कडी असते. खाली जायला वाट नसली की साठलेलं तेल त्या कडीवरून एक्झॉस्टमध्ये किंवा हवेच्या पाइपमध्ये झिरपतं. म्हणून:

- परतीच्या होसचं आतलं माप निदान १६ मिमी ठेवा, १९ असेल तर उत्तम
- होस टर्बोपासून चेंबरपर्यंत सलग उताराचा हवा, कुठेही आडवा किंवा वर नको
- टर्बोचं तेल बाहेर पडायचं तोंड सरळ खाली बघत असावं
- चेंबरमधलं निपल तेलाच्या पातळीच्या वर असावं

पातळी कुठे येते हे अंदाजाने ठरवू नका. मी चेंबर उतरवला, गाडीत असतो त्याच पातळीत लाकडाच्या फळ्यांवर बसवला आणि काढलेलं तेल त्यातच परत ओतलं. मग खिळ्याने आतून तेलाच्या कडेला रेघ मारली. फिल्टरमधलं तेल धरून त्यावर दोन बोटं जागा सोडली आणि तिथे सॉकेट वेल्ड करून घेतला. वेल्डिंगआधी चेंबर कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करा. तेल राहिलं तर आग लागते आणि वेल्डही धरत नाही. चेंबर गाडीवर असताना भोक पाडायचं वेळ वाचवणारं काम कोणी सुचवलं तर नाही म्हणा, बुरादा थेट तेलात जातो.

६. हवेचा रस्ता

हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा ०.५ बारने दाबली की टर्बोतून ८५ ते ९० अंशांनी बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून दाब दीडपट होऊनही सिलिंडरमध्ये हवा सव्वापटच जाते. इंटरकूलरने तीच हवा ५० अंशांवर आणली तर १.४ पट जाते. शिवाय प्रत्येक अंश पिस्टनच्या डोक्यावरून कमी होतो. कोकणातून चढणाऱ्या गाडीला मी इंटरकूलरशिवाय टर्बो सांगणार नाही. तो रेडिएटरच्या समोर लावायचा, पण पूर्ण रेडिएटर झाकू द्यायचा नाही.

इंजिनाचा ब्रीदर पाइप (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारा) टर्बोच्या आधीच्या, ओढणाऱ्या बाजूला जोडा आणि मध्ये तेल पकडणारा डबा लावा. तो दाबाच्या बाजूला जोडला तर दाब उलटा चेंबरमध्ये शिरेल. ब्रीदरमधून तेल भरपूर येत असेल तर थांबा. डिझेल इंजिन स्वतःचं तेल पिऊन चावी बंद केल्यावरही पळत सुटू शकतं. तसं झालं तर एअर फिल्टरच्या तोंडावर लाकडी फळी दाबून हवा बंद करायची. हात कधीही लावायचा नाही. मी पहिल्या महिनाभर सीटखाली फळी ठेवली होती.

७. पहिल्यांदा चालू करताना

तेल येणारा पाइप सोडा, टर्बोच्या भोकात पिचकारीने चमचाभर तेल घाला आणि पाती बोटाने फिरवा. पाइप पुन्हा लावा. पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा म्हणजे इंजिन पेटणार नाही. आता दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मध्ये बॅटरीला उसंत द्या. परतीचा होस चेंबरकडून सुटा ठेवून त्याखाली डबा धरा. त्यातून तेल पडलं की टर्बोला तेल पोहोचलं. मग होस जोडा, वायर जोडा आणि चालू करा. पाच मिनिटं फक्त आयडल. या वेळात गाडीभोवती फिरून प्रत्येक जोडाला तेल, डिझेल आणि धुराची गळती पाहा.

हलकी शिट्टी ऐकू येणं बरोबर आहे. सायरनसारखा आवाज येत असेल तर कुठेतरी हवा गळतेय किंवा पाती घासतायत. बंद करा.

८. पंपाला हात कधी लावायचा

पहिले ५०० किमी अजिबात नाही. माझ्या गाडीवर रोटरी पंप आहे. तुमच्याकडेही तो असेल तर टर्बो मॉडेलचा पंप वरच्या टोपीवरून ओळखता येतो: बूस्ट वाढेल तसं डिझेल वाढवणारा डायफ्राम त्यात असतो. तसा पंप मिळाला तर कॅलिब्रेशनच्या बेंचवर लावून घ्या. साधाच पंप ठेवलात तर फुल-लोडचा (जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा) स्क्रू पाव फेरीच्या वर फिरवायचा नाही, आणि तोही पायरो बघून. साध्या पंपाला टर्बो आलाय हे कळत नाही. तो बूस्ट येण्याआधीच जास्तीचं डिझेल टाकतो आणि खालच्या फेऱ्यांवर काळा धूर सोडतो. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराच्या दाटपणाचं माप) आहे. टर्बो नीट बसवलेली गाडी त्यात आधीपेक्षा आरामात पास व्हायला हवी. होत नसेल तर पंप जास्त उघडलाय.

९. पहिला घाट

रिकाम्या गाडीने जा. सोबत एक जण फक्त पायरो वाचायला घ्या. मी ठरवलेली रेघ अशी: ६५० अंश दिसले की पाय हलका, ७०० ला लगेच खालचा गिअर. खालचा गिअर टाकला की फेऱ्या वाढतात, हवा वाढते आणि तापमान उतरतं, हे डोळ्यांनी पाहिलं की विश्वास बसतो. माझ्या गाडीत भरल्या वजनाने तिसऱ्या गिअरला ५८० ते ६२० दिसतं. वरच्या वळणांवर ६५० कडे गेलं की मी दुसरा टाकतो.

माथ्यावर थांबलात तर लगेच चावी बंद करू नका. दोन मिनिटं आयडलवर ठेवा. शाफ्ट अजून फिरत असतो, घर तापलेलं असतं आणि चावी बंद झाली की तेल थांबतं. थांबलेलं तेल तिथेच करपून कोळसा होतो आणि बारीक वाट बुजते.

१०० किमीनंतर इंजिन थंड असताना मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळा, ते सैल झालेलेच सापडतील. तेल आणि फिल्टर पहिल्यांदा ५०० किमीला बदला, नंतर दर ५,००० ला. पहिला काढलेला फिल्टर फेकू नका. पत्रा कापून आतला कागद बाहेर काढा, तेल निथळू द्या आणि उन्हात पसरून पाहा. काळा असणारच. पितळेसारखी पिवळी चमक दिसली तर ती बेअरिंगची आहे: गाडी तिथेच उभी करा आणि आधी परतीच्या होसखाली वाकून बघा.